आष्टीच्या अलीकडचा पिवळा दिवा

देव इशारे देतो, यावर माझा लहानपणापासून विश्वास आहे. पण दिलेला इशारा आपल्याला नीट वाचता येतो का, याची शंका मला त्या सकाळपासून आली. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. मी गाडी चालवत होते, शेजारी माझे यजमान बसले होते आणि आम्ही अहेरीहून चंद्रपूरला त्यांच्या डायलिसिससाठी निघालो होतो. आलापल्ली मागे पडली, आष्टी अजून लांब होती, दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं आणि गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. समोरच्या काचेखाली इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा उघडझाप करू लागला. तो दिवा नुसता पेटून राहिला तर बेताने का होईना, जाता येतं. पण उघडझाप करू लागला तर गाडी तिथेच थांबवायची, नाहीतर इंजिनाचं वाटोळं होतं, एवढं मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने बजावून ठेवलं होतं. मी गाडी कडेला घेतली. मोबाइलला रेंज नव्हती.

आमची अडचण सांगते. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. वनखात्यात असताना ज्या माणसाने ही सगळी जंगलं पायी तुडवली, त्याला आता मशीनशिवाय जगता येत नाही. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात आणि श्वास लागतो. एस.टी.चे धक्के त्यांना सोसेनात, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले. गल्लीतल्या लोकांनी माझी यथेच्छ थट्टा केली. बाई गाडी काढताहेत, कोंबड्या आत घ्या, असं शेजारीण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. मी कोंबड्यांना कधी धक्का लावला नाही. खरा त्रास दुसराच होता. त्या पावसाळ्यापासून यजमानांनी मनातून हात टेकले होते. आता पुरे, मले घरीच राहू दे, असं ते प्रत्येक पाळीच्या दिवशी म्हणायचे. मी त्यांना अक्षरशः रेटत गाडीत बसवायचे. ते उपचाराला जात नव्हते, मी त्यांना नेत होते, आणि हे किती दिवस जमेल ते मलाही कळत नव्हतं.

म्हणूनच त्या दसऱ्याला मी गाडीची पूजा दरवर्षीपेक्षा जोरात केली. एरवी चाकाखाली लिंबू, बोनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार आणि नारळ एवढ्यावर भागतं. यंदा मला वाटलं, वरवरची पूजा कशाला, ज्याच्या जोरावर गाडी धावते त्याचीच पूजा करावी. मी बोनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेतून आणलेलं वैनगंगेचं पाणी देवघरात होतं, ते गडूभर घेऊन मनोभावे इंजिनावर सोडलं. ज्या देवाच्या दारातून यमाला हात हलवत परत जावं लागलं, त्याच्या पायाशी वाहणाऱ्या नदीचं ते पाणी. माझ्या माणसाला असंच धरून ठेव, एवढंच मागितलं. यजमान ओट्यावर बसून बघत होते.

आणि दुसऱ्याच सकाळी हा दिवा. यजमानांनी तो माझ्याआधी वाचला. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"वापस चाल," ते म्हणाले. "काल तू त्याले मांगतलं, आज त्यानं जवाब देला. आता पुरे झालं म्हणून सांगून राह्यला तो."

खरं सांगते, एक क्षण मीही डगमगले. मी नवसासायासांवर वाढलेली बाई. कौल लावणारी, उजवीकडचं फूल पडलं की कामाला लागणारी. पूजेच्या दुसऱ्या दिवशी भर जंगलात दिवा पेटतो, त्याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटेना. पण त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि माझा संताप उसळला. देवाचा नाही, त्यांचाही नाही. हे सगळं इतक्या सोप्या रीतीने संपवायला निघालेल्या त्या दिव्याचा.

मी म्हटलं, "देवाले सांगाचं असन त मले सांगन. गाडी मी चालवून राह्यली."

खाली उतरून बोनेट उघडलं. आत काय बघायचं ते मला कळत नव्हतं, तरी उघडलं. ट्रक गेले, सण करून परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या जीप गेल्या. मी हात करत होते आणि मनात एकच धोशा लावला होता, देवा, हा दिवा तेवढा घालव. तेवढ्यात समोरून येणारी एक छोटी गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. तिच्यावर पंचशील ध्वज लावलेला होता. गाडी चालवणारी चाळिशीची बाई होती आणि मागे तिची म्हातारी आई. नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन, चंद्रपूरला नातेवाइकांकडे मुक्काम करून दोघी परतत होत्या. ती आमच्याच भागातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होती. तिच्या जुन्या गाडीनेही या रस्त्यावर तिला असंच छळलं होतं, म्हणून तिने दोष वाचणारं यंत्र घेऊन ठेवलं होतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. स्टिअरिंगखाली खोचायचं, की मोबाइलवर गाडीचं दुखणं दिसतं.

मी तिला घाईने म्हटलं की बाई, आधी तो दिवा मिटवा. मला तो यजमानांच्या डोळ्यांसमोरून जायला हवा होता. ती माझ्याकडे बघून हसली. मिटवून देते म्हणाली आणि दिला. मी गाडी सुरू केली. इंजिन थरथरलं, आणि घटकाभरात दिवा पुन्हा तसाच उघडझाप करू लागला.

"लाइट मिटवल्यानं रोग नाई जात, ताई," ती म्हणाली. "थो त सांगणारा हाये. त्याच्यावर काऊन चिडून राह्यल्या? काय सांगते ते पाहू."

यंत्र सांगत होतं की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. इंजिन जरा निवू दिलं, मग आम्ही दोघींनी काळं झाकण काढलं. तिच्याकडे दहाचा पाना होता. तिने बोल्ट सैल केला आणि मी कॉइल धरून वर ओढली. ती प्लगच्या डोक्यावर बसते आणि ठिणगीसाठी वीज पुरवते, असं तिनेच मला सांगितलं. कॉइलचं रबर ओलं होतं. खाली प्लगच्या खोल खाचेत मोबाइलचा उजेड पाडला, तर तिथे पाणी साचलेलं. पिवळं पाणी, आणि त्यावर झेंडूची एक पाकळी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. शेवटी सांगून टाकलं, मार्कंड्याचं तीर्थ आहे म्हणून. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. आणि मग मागून आवाज आला. हे कधी गाडीतून उतरले, कधी आमच्यामागे येऊन वाकले, मला कळलंच नव्हतं.

"माह्याबी अंगात पाणी, अन् हिच्याबी अंगात पाणी," ते म्हणाले. "हिलेबी डायलिसिस लागते."

आणि ते हसले. नुसतं तोंडदेखलं नाही, गाडीला टेकून, खोकला येईपर्यंत हसले. त्यांचं ते हसू मी किती महिन्यांनी ऐकत होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी दोन्ही येऊ दिलं.

पाणी काढायचं कशाने, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. सुई काढल्यावर हाताला दाबून धरायला आमच्या पिशवीत कापूस असतो. तो त्यांनी आणला आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसून तळहातावर लांब लांब वाती वळल्या. देवाच्या वाती आमच्याकडे तेच वळायचे, आजारपणात सुटलं होतं. ते वळून द्यायचे, मी काडीने खाचेत सोडायचे, बाई कॉइलचं रबर आणि तारेचं टोक पुसायची. प्रत्येक वात पिवळी होऊन बाहेर यायची. शेवटची कोरडी आली तेव्हा सगळं परत बसवलं, तिने यंत्रावरून दोष पुसला आणि मी किल्ली फिरवली. आचका नाही, थरथर नाही. दिवा क्षणभर लागला, जसा रोज लागतो, आणि गेला.

मी तिला म्हटलं की तुम्हाला देवानेच पाठवलं. ती म्हणाली की ती देव मानत नाही. बोनेट उघडं टाकून उभी असलेली बाई आईला दिसली आणि आईने थांबायला लावलं, म्हणून ती थांबली. मी त्या म्हातारीच्या पाया पडायला वाकले, तर तिने माझे दोन्ही हात धरून मला सरळ उभं केलं आणि "जय भीम" म्हणाली. मीही "जय भीम" म्हटलं. माझ्या हातांची हळद तिच्या हातांना लागली.

चंद्रपूरला पोचायला उशीर झाला, पण तिथल्या सिस्टरने दुपारच्या रुग्णांमध्ये आम्हाला बसवून घेतलं. मशीन सुरू झालं. मी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसले. सुई काढायला सिस्टर आली तेव्हा पुढच्या पाळीचं विचारायला मी तोंड उघडणार, एवढ्यात हे बोलले.

"सिस्टर, आता पुढच्या टायमाले कवा येऊ?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून पोटभर रडले.

त्यांचा आजार आहे तिथेच आहे. पिवळा दिवा घालव, एवढंच मी त्या रस्त्यावर मागत होते, आणि तो लगेच गेला असता तर आम्ही तसेच पुढे गेलो असतो, मी रेटणारी आणि ते रेटले जाणारे. शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता वाटतं, हात काळे होईपर्यंत काम करावं, कोण मदतीला येईल ते त्याच्यावर सोडावं, आणि जो येईल त्याला नाव विचारू नये. माझा नवरा स्वतःच्या तोंडाने पुढची वेळ विचारतो, देवा. याहून जास्त मी तुला काय मागू?