चार बोटं कमी

कॅझिमिर पियेत्राकनं सव्वीस वर्षांत स्टेडियममध्ये एकदाही टाळी वाजवली नाही. संघ गावचा, म्हणजे त्याचाच. दर मोसमात आठ-नऊ रविवार तो मैदानाच्या कडेला उभा असायचा, इतका जवळ की खेळाडूंच्या घामाचा वास यावा. पण टाळी नाही की शिवी नाही. कॅझ साखळीवाला होता, आणि साखळीवाल्यानं कोणाच्याच बाजूचं असायचं नाही असा नियम आहे.

अमेरिकन फुटबॉल दिसतो धक्काबुक्कीचा, पण सगळं भांडण जमिनीचं. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करून मुकाट्यानं बाजूला व्हायचं. ते दहा यार्ड मोजायला दोन नारिंगी काठ्या आणि त्यांच्यामध्ये साखळी. पुढची काठी कॅझच्या हातात असे. हे काम त्याला मिळालं त्यात नवल नव्हतं. चाळीस वर्षं तो जिल्ह्याच्या भूमापन खात्यात होता. एरी सरोवराच्या काठानं निम्म्या घरांच्या हद्दी त्यानं आखलेल्या. कुंपणावरून दोन शेजारी हातघाईवर आले की तिसरा कोणीतरी म्हणायचा, "कॅझला बोलवा." कॅझ यायचा, फीत लावायचा, आकडा सांगायचा, आणि भांडण तिथंच मिटायचं. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. गावात त्याची पत एवढीच, की तो जे मोजतो ते तेवढंच असतं. दुसरं काही त्यानं कधी कमावलं नाही, आणि त्याला हवंही नव्हतं.

आता ज्याची शिसारी यावी ती गोष्ट अशी. साखळी अचूक असते, पण चेंडू कुठं थांबला हे कडेचा पंच नुसत्या नजरेनं ठरवतो. दहा-बारा धिप्पाड माणसं एकमेकांवर पडलेली, चेंडू कुठंतरी त्यांच्या पोटाखाली, आणि हा गृहस्थ लांबून धावत येतो, बुटाचा चवडा टेकवतो, की चेंडू तिथं. निव्वळ अंदाज. मग त्या अंदाजापासून साखळी ताणून बोटांच्या फरकानं न्याय करायचा, आणि सत्तर हजार माणसांनी श्वास रोखून तो पाहायचा.

"पहिला खुंटा डोळे मिटून ठोकायचा आणि पुढचं सगळं भिंग लावून मोजायचं," कॅझ घरी बायकोला म्हणायचा. "आमच्या खात्यात असं कोणी केलं असतं तर साहेबानं त्याच दिवशी घरी पाठवला असता."

"मग सोड ना," लोरेन म्हणायची.

"मी सोडल्यावर काठी वाकडी धरणारा येईल."

नियम मोडला की पंच पिवळा रुमाल फेकतो, त्याचीही तीच तऱ्हा. एका रविवारी नुसतं बोट लागलं तरी पंचाच्या खिशातून रुमाल बाहेर, दुसऱ्या रविवारी गळा आवळला तरी रुमाल आपला खिशात. कॅझ हे सगळं दोन हातांवरून बघायचा आणि गिळायचा. आवंढा गिळून गिळून त्याला रविवारी रात्रीचं जेवण जाईनासं झालं होतं, हे लोरेनखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

मग तो जानेवारी आला. बाद फेरीचा सामना, बर्फ भुरभुरत होता, दीड मिनिट उरलेलं, गावचा संघ तीन गुणांनी मागे. शेवटचा प्रयत्न, जायचं होतं एक यार्ड. चेंडू घेतलेला पोरगा कॅझच्याच बाजूला घुसला आणि त्याच्या पायांपासून दोन हातांवर पडला. कॅझ नियमाप्रमाणे मागे सरकला, पण नजर त्यानं हलवली नाही. गुडघा टेकला की चेंडू तिथंच थांबला असं धरतात, आणि गुडघा टेकला तेव्हा चेंडू काठीच्या पुढे होता. हातभर पुढे. चाळीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाला हातभर म्हणजे किती ते कळतं.

कडेचा पंच धावत येताना बर्फावर घसरला. एक हात टेकला, उठला, ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि चवडा टेकवला तो पार मागे. घसरताना त्याला काय दिसलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. साखळी आली. कॅझनं ती नेहमीसारखी ताणून धरली. मुख्य पंच वाकला, दोन हातांत अंतर धरून त्यानं सगळ्यांना दाखवलं. चार बोटं कमी. वरच्या खोलीत बसलेल्यांनी चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, पण माणसांच्या ढिगात चेंडू दिसेना. पुरावा स्पष्ट नाही, तेव्हा पहिला निर्णय कायम. चूक आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून चूकच चालू ठेवायची, असा यांचा कायदा. मोसम संपला.

मैदानाखालच्या बोगद्यातून परतताना कडेच्या पंचानं कॅझच्या पाठीवर थाप मारली. "काय सुरेख धरता हो तुम्ही साखळी. एवढं नेमकं काम कुठंच बघितलं नाही मी."

कॅझ एवढंच म्हणाला, "साहेब, चेंडू पुढे होता."

"असं बोलायचं नसतं बरं का तुम्ही," पंच हसत म्हणाला आणि गेला. मंगळवारी लीगनं संघाला कळवलं की चेंडू ठेवण्यात चूक झाली असावी, निकाल अर्थात तोच राहील. म्हणजे आधी थोबाडीत द्यायची आणि दोन दिवसांनी चिठ्ठी पाठवायची.

पण टीव्हीवर लोकांनी पंच पाहिलाच नव्हता. तो घसरला तेव्हा कॅमेरा दुसरीकडे होता. पाहिला तो कॅझ. साखळी ताणताना दात आवळलेला त्याचा चेहरा पडदाभर दाखवला होता.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण होतं. कॅझ ताट घेऊन बसला तशी त्याच्या टेबलावरची दोघं उठून पलीकडे गेली. समोर राहिला लोरेनचा भाऊ यूजीन.

"एक विचारू का कॅझ? रागावू नकोस."

"विचार."

"साखळी जराशी सैल सोडली असतीस तर? चार बोटंच तर होती. कोणाच्या बापाला कळलं असतं?"

"साखळी सैल सोडत नसतात यूजीन. आणि सैल दिसली की मुख्य पंच पुन्हा ताणायला लावतो."

"मग काठी चार बोटं मागे घ्यायचीस. आपली माणसं होती रे ती."

"चेंडू हातभर पुढे पडला होता. मी बघितलाय. चूक त्या पंचाची आहे."

"मग तिथं का नाही बोललास?"

"बोलायचं नसतं आम्ही."

यूजीननं मासळीवर लिंबू पिळलं. "बोलायचं नसतं, सोडायचं नसतं. तू नक्की कोणाचा रे? आता माझ्या कुंपणाचीच मला शंका यायला लागलीय. तेव्हाही चार बोटं शेजाऱ्याला दिली असशील."

आजूबाजूच्या टेबलांवरचे हसले. कॅझशेजारी बसलेली लोरेन म्हणाली, "यूजीन, तोंड आवर." पण थट्टा तिथं थांबली नाही. गॅरेजवाला कॅझच्या गाडीच्या चाकात हवा भरताना म्हणाला, "चार बोटं कमी ठेवू का?" न्हाव्यानंही तेच केलं. मार्चमध्ये यूजीननं कुंपण पुन्हा मोजून घ्यायला बफेलोहून माणूस आणला. आकडा कॅझचाच निघाला. यूजीननं ते कोणाला सांगितलं नाही. मेमध्ये दोन घरं सोडून हद्दीचा वाद निघाला, तिथंही कॅझला कोणी बोलावलं नाही. तो पायरीवर बसून नव्या माणसाला फीत ओढताना बघत राहिला. फीत ढिली होती.

ऑगस्टमध्ये साखळीवाल्यांना हॉटेलात बोलावलं. लीगकडून आलेल्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. यंदापासून मोजणी कॅमेरे करणार, केसाइतका फरकही पकडणार. साखळीवाले मैदानावर असतीलच, यंत्र बंद पडलं तर म्हणून.

"काही शंका?" बाईंनी विचारलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कॅझनं हात वर केला. "चेंडू जमिनीवर कोण ठेवणार?"

"चेंडू पंचच ठेवतील. नेहमीसारखा."

"कशावरून?"

"म्हणजे... बघून."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई पुढच्या चित्राकडे वळल्या. कॅझनं साखळीवाल्याचं जाकीट घडी करून टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर पडला. असल्या कामात आपण सव्वीस वर्षं मान खाली घालून उभे राहिलो याची त्याला पंचाहूनही जास्त किळस आली. गाडीत बसल्यावर त्यानं हात रुमालानं पुसले, स्वच्छ होते तरी.

सप्टेंबरात लोरेननं त्याला बळेच सामन्याला नेलं. यूजीनजवळ जास्तीचं तिकीट होतं, आणि बहिणीच्या धाकानं का होईना, त्यानं ते दिलं. कॅझ लोकांच्यात बसला, अकराव्या रांगेत, कडेच्या बाजूला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. "वाजव की टाळ्या," लोरेन म्हणाली. त्यानं दोनदा वाजवून पाहिल्या आणि हात मांडीवर ठेवले.

तिसऱ्या भागात गावच्या पोरानं अकराव्या रांगेसमोरच उडी घेतली. कॅझनं गुडघा पाहिला, चेंडू पाहिला. पुढे होता. कडेचा पंच आला आणि चवडा टेकवला मागे, चांगला वीतभर. लोक ओरडायला उठले, तेवढ्यात मोठ्या पडद्यावर चित्र उमटलं. हिरवी जमीन, पिवळी रेघ, फिरत फिरत येणारा चेंडू. तो रेघेपाशी येऊन थांबला आणि खाली आकडा आला. पाऊण इंच कमी.

सगळं स्टेडियम गप्प झालं. माणसं माना वर करून पडद्याकडे बघत होती. कोणीतरी कौतुकानं शीळ घातली.

"बघितलंस?" यूजीन हळूच म्हणाला. "पाऊण इंच. माणसाच्या हातून हे झालंच नसतं."

कॅझ उठला. आवाज असा फुटला की खालच्या चार रांगा वळून बघायला लागल्या.

"पाय मागे पडलाय त्या पंचाचा. चेंडू पुढे होता. अरे पाय बघा त्याचा, पाय."

पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "बसा हो आजोबा, दिसतंय की समोर."

यूजीननं त्याची बाही धरून खाली ओढली. "बस कॅझ. लोक बघतायत. मोजलंय रे त्यांनी."