डॉक्टरअक्कांवरची नोटीस

डॉ. इंदुमती सरनोबत यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रागावलेल्या. अळणावरजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून माझा पहिलाच दिवस होता. हुबळीच्या दाजीबानपेठेत वाढलेली मी, बाकावरच्या रुग्णांना नंबरांनी हाका मारत होते. "अकरा नंबर!" म्हणून ओरडले तशा त्या खोलीतून बाहेर आल्या. "अकरा कोण गं? त्यांना नाव नाही काय? विचारून घे." आणि स्वतःच त्या म्हातारीचा हात धरून आत घेऊन गेल्या. त्यांना सगळे डॉक्टरअक्का म्हणतात. मीही म्हणते.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात चार गोड आठवणी लिहा, वाद नको, असं संपादकांनी मला बजावलं आहे. गोड आठवणी पुष्कळ आहेत. माझ्या बाळंतपणात माझ्या वाट्याच्या घरभेटी अक्कांनी उन्हातान्हात स्वतः केल्या आणि नंतर एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण अशा बाईंच्या नावावर खोटेपणाची नोटीस असताना मी मूग गिळून गप्प बसू? ते मला जमायचं नाही.

झालं असं. हृदयविकाराच्या रुग्णांनी रोज काय खाल्लं ते मोबाइलवर भरायचं, मीठ-तेल बेतात असलं की हिरवी खूण येणार, असं एक अ‍ॅप जिल्ह्यात आणायचं ठरलं. रुग्णांना ते वापरता येतं का, याची पंधरा दिवसांची चाचणी आमच्या केंद्रात ठेवली. चाचणी पास झाली की परिचारिकांच्या घरभेटी बंद, हे जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी बैठकीत आधीच सांगून टाकलं. म्हणजे निकाल ठरलेला, चाचणी नावाला!

आमच्या रुग्णांच्या घरात मोबाइल एकच, तो मुलाच्या खिशात, आणि मुलगा दिवसभर हुबळीत, गोकुळ रोडच्या कारखान्यात. नोंदी येणार कुठून? वरून मात्र रोज फोन, "आकडे कुठं आहेत?" शेवटी मी आमच्याकडची जुनी रीत केली. रजिस्टर रिकामं दिसू नये म्हणून ते अंदाजानं भरतात, तसं मी केंद्राच्या मोबाइलवरून सगळ्यांच्या नावानं भरत सुटले. सकाळी भाकरी, दुपारी भात-आमटी, रात्री भाकरी-भाजी. सगळ्यांना हिरव्या खुणा. साहेब खूश.

पंधरवडा संपायच्या आत पार्वतीअक्का आल्या. हृदयाचा जुना आजार, पाय सुजलेले, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. अ‍ॅपमध्ये त्यांच्या नावापुढे ओळीनं हिरवं. डॉक्टरअक्कांनी त्यांचे पाय पाहिले, मोबाइल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी भरलं?" मी सांगितलं. पार्वतीअक्कांना इंजेक्शन देऊन, दोन दिवस जवळ ठेवून बरं वाटल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर घरी गेलो. जेवणवेळ होती. पानात भाकरी, आमटी आणि कडेला लोणचं, लाल मिरचीचा खारट ठेचा, म्हणजे रंजका, आणि पापड.

"मीठ कमी केलंय की बाई," पार्वतीअक्का म्हणाल्या. "आमटीत चिमूटभरच घालते."

"आणि हे लोणचं?" डॉक्टरअक्कांनी विचारलं.

"लोणचं काय जेवण असतंय होय? ते आपलं तोंडाला!"

अ‍ॅपची यादी मी तिथंच उघडून पाहिली. पास्ता होता, ओट्स होते. लोणचं नव्हतं, रंजका नव्हता, पापडही नव्हता. म्हणजे खरं भरलं असतं तरी खूण हिरवीच! अहो, यादी करणाऱ्यांनी एकदा तरी इथल्या घरात पाटावर बसून जेवायचं होतं! एक दिवस, एक जेवण! तेवढ्यालाही कुणाला सवड नव्हती.

डॉक्टरअक्कांनी अहवाल लिहिला: अ‍ॅप नापास, घरभेटी चालू ठेवाव्यात, नोंदी रुग्णांनी नव्हे तर केंद्रात भरल्या गेल्या, जबाबदारी माझी. माझं नाव कुठंच नाही. मी रडून विनवलं, तर म्हणाल्या, "तुझं लेकरू लहान आहे. माझी नोकरी संपत आली. गप्प बस. आणि पुन्हा खोटं भरलंस तर मीच हाकलीन."

अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीनं लिहिलं, रुग्णांची समज कमी पडली. समज कुणाची कमी पडली हो? आणि साहेबांनी अक्कांना नोटीस काढली, खोट्या नोंदी करून चाचणीत अडथळा आणला म्हणून. फोन करकरून आकडे मागणारेच हे विचारतात! ती नोटीस डोक्यावर घेऊनच अक्का निवृत्त झाल्या. घरभेटी मात्र वाचल्या. पार्वतीअक्का मला शिव्या घालत लोणच्याची बरणी वर ठेवतात, आणि आता चालत केंद्रात येतात.

अक्का, आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि अजून पुष्कळांवर रागावण्याची ताकद राहो. आपण गप्प बस म्हणालात, ते मी आज मोडते आहे. त्या नोंदी मी भरल्या होत्या. हे मी माझ्या नावानिशी छापायला दिलं आहे.

सत्कार समारंभात अक्कांना शाल पांघरवायला तेच साहेब येणार आहेत. साहेब, जरूर या. येताना नोटीस मागे घेतल्याचा कागद तेवढा आणा. शाल आम्ही आणलेली आहे.