अंबुबाईच्या अवऱ्याचं बी

आमच्या शाळेत परिसर अभ्यास शिकवणारी माणसं दोन. एक मी, पगारी मास्तर. दुसरी अंबुबाई, पोरांची खिचडी शिजवणारी. माझ्याकडे पुस्तक होतं आणि भिंतीवर प्रदूषणाचे तक्ते होते. त्या तक्त्यांत धुराडी होती, मेलेले मासे होते. आमच्या गावात ना धुराडं ना नदी, पण पोरं ते तक्ते घडाघडा म्हणायची आणि मी खूश व्हायचो.

अंबुबाईकडे होती शाळेमागची दीड गुंठा पडीक जागा. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, दुधनीच्या अलीकडे. पोरं घरी कन्नड बोलतात, शाळेत मराठी, आणि अंबुबाईला सगळी अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. तिनं खुरप्यानं चर काढून नळाखालचं, पोरांनी हात धुतलेलं पाणी त्या जागेत नेलं. तांदूळ धुतलेलं पाणीही तिकडेच. नळ उघडा टाकून कोणी पळालं की तिचा आवाज थेट माझ्या वर्गात यायचा, “नळाला डोळं न्हाईत, तुला हायत की!” एवढ्या पाण्यावर मेथी, वांगी, आणि कुंपणभर अवरे. अवरे म्हणजे आपल्याकडचा घेवडा. तिचं बी तांबडं, पोटाला पांढरा ठिपका. हे बी तिनं लग्नात माहेराहून आणलं होतं. पाऊस नसला तरी हा वेल तग धरायचा. दुकानातल्या पाकिटाचा घेवडा आमच्या उन्हात महिनाभरही टिकत नाही, हे मी स्वतः लावून बघितलंय. तिच्याच हाताखाली बघितलंय.

तिची एक रीत होती. चौथी पास होऊन जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या ओंजळीत ती मूठभर बी घालायची. पोरानं ते घरी लावायचं आणि पुढच्या साली दोन मुठी परत आणायच्या. बारा वर्षांत गावातली निम्म्याहून जास्त घरं या अवऱ्यानं जोडली गेली. बी राखेत मिसळून मडक्यात भरायचं, तोंड शेणानं लिंपायचं. ते मडकं ऑफिसातल्या कपाटाखाली असायचं आणि मुख्याध्यापकांपेक्षा त्याला मान जास्त होता. मी हे सगळं बघत होतो. सांगायचं कारण, मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या साली पावसानं ओढ दिली. कुंपणावरच्या वेलाला जेमतेम शेंगा लागल्या. गावातही तेच. बायकांनी भाजी केली नाही, होतं तेवढं बी धरून ठेवलं.

त्याच साली बिराजदार सर मुख्याध्यापक म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, हे मला अजून वाटतं आणि त्याचाच राग येतो. कुठल्याशा संस्थेनं सोलापुरात ‘हरित शाळा’ नावाचं प्रदर्शन ठेवलं होतं. सरांच्या मनात अवऱ्याचं बी भरलं. त्यांनी अंबुबाईला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, “मावशी, घरोघरी हे बी उंदीर खातात, कीड खाते. आपण शाळेत संग्रह करू. काचेच्या बरण्या, त्यावर ज्याचं त्याचं नाव. प्रदर्शनात दाखवू आणि जूनला ज्याचं त्याला.”

ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, खरं का?”

“खरं,” मी म्हणालो.

त्या एका शब्दावर ती गावभर फिरली. म्हाळसाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत चिकट बाई, कोणाला उसनं मीठ देणार नाही, तिनंही गाडग्यातलं सगळं बी अंबुबाईच्या पदरात ओतलं. “जूनला माझ्या हातानं देते,” असं प्रत्येकीला सांगत अंबुबाई शाळेत आली, बरण्या येईपर्यंत सगळं मडक्यात भरलं, तोंड लिंपलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला ती दुधनीला निघाली. जाताना वर्गाच्या दारात थांबली.

“तुमच्या भरवशावर ठेवलंय, गुरुजी. तुमी हाय म्हनून जाते बगा.”

चार दिवसांनी सर एक भलं मोठं प्लायवूड घेऊन आले. म्हणाले, “बरण्या सगळेच मांडतात. आपण काहीतरी हटके करू. तुमचा हात चांगला आहे, झाड काढा. खाली मोठ्या अक्षरांत ‘देशी बियाणं वाचवा’. ते सगळं बियांनी भरू.”

मी म्हणालो, “सर, बी परत द्यायचंय.”

“अहो, देऊ की. सोलापूरला नवी पेठेत किलोनं मिळतं.”

तिथं मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. सरांचं मन मोडवेना हे एक, आणि दुसरं खरं कारण असं की झाड काढायची मला हौस आली होती. माझ्या हाताचं कौतुक बऱ्याच वर्षांत कोणी केलं नव्हतं. मी पेन्सिल घेतली. छान झाड काढलं, फांद्या ऐसपैस. मग आम्ही मडक्याचं लिंपलेलं तोंड फोडलं, राख चाळली, फेविकॉल ओतला. पोरं गोल करून बसली आणि एकेक बी चिकटवू लागली.

चौथीतली दानेश्वरी हातात बी धरून थांबली. “गुरुजी, असं चिकटवल्यावर हे उगवंल का?”

“गप, रेषेवर लाव,” मी म्हणालो.

खोड भरायला बी कमी पडलं म्हणून सरांनी मडक्याच्या तळाशी राहिलेलंही झाडून काढलं. शेवटी चमक यावी म्हणून वरून व्हार्निश मारलं. प्लायवूडचा तो फळा खरंच झळकला. तांबड्या फांद्या, पांढरे ठिपके. मला तो आवडला होता, हेही लिहून ठेवतो.

सोलापुरात पहिला नंबर आला. बक्षीस वाटपाच्या दिवशी अंबुबाई दुधनीहून परस्पर रेल्वेनं आली. ठेवणीतलं इरकल नेसलेली, पिशवीत नातवाचे पेढे. आमच्या टेबलापाशी आली, टेबलाखाली वाकून बघितलं.

“मडकं कुटं हाय, गुरुजी?”

मी फळ्याकडे बोट केलं. तिला आधी कळलंच नाही. चित्र म्हणून कौतुकानं बघितलं, मग जवळ गेली. बोट फिरवलं. नखानं एक बी उचकटलं, तर साल फळ्यावरच राहिली आणि आतली दोन दलं तिच्या तळहातावर पडली. 

तेवढ्यात सर आले. “मावशी, तुमच्यामुळं पहिला नंबर! या, फोटोला या!” फळ्याचं एक टोक त्यांनी तिच्या हातात दिलं, दुसरं माझ्या. फोटो निघाला. पेपरात छापूनही आला. त्यात झाड नुसतं रंगवल्यासारखं दिसतं आणि मी हसतोय.

गावी परत आल्यावर तिनं फळ्यावरचं बी काढून बघितलं. कोमट पाण्यात भिजवून, ओल्या गोणपाटात बांधून, तीनदा. एकाही बीला मोड आला नाही. मी नवी पेठेत जाऊन तीन दुकानं पालथी घातली. घेवडा मिळाला, पिवळट पांढरा. तो तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिनं हातही लावला नाही. तिच्या माहेरी विचारून झालं होतं. तिकडे भाऊ आता ऊस लावतात, अवरे कोणाच्याच घरी नाही.

जून आला. पाऊस वेळेवर पडला. म्हाळसाबाई आणि पाच-सहा जणी हातात वाट्या घेऊन शाळेत आल्या. मी वर्गात होतो, दार उघडं होतं. सर बदली होऊन गेले होते.

“अंबे, बी दे गं. वाफसा आलाय.”

अंबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “न्हाय राहिलं, अक्का. उंदरानं खाल्लं. माझीच चूक झाली.”

“समदं?”

“समदं.”

म्हाळसाबाई फार बोलली. आम्ही विश्वासानं दिलं, तू शाळेच्या जिवावर मिरवलीस, आमच्या तोंडचं काढून घेतलंस, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मी खुर्चीवरून उठलो, दारापर्यंत आलो. पोरं माझ्याकडे बघत होती, त्यांच्याच हातांनी ते बी चिकटवलेलं; घरी बोलू नका असं अव्वानंच त्यांना बजावलेलं, हे मला नंतर कळलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. म्हाळसाबाईच्या तोंडाची भीती वाटली आणि मी दाराची चौकट धरून तसाच उभा राहिलो. बायका निघून गेल्या.

पोरांना वाढायच्या आधी मास्तरानं खिचडी चाखून रजिस्टरात सही करायची, असा शाळांचा नियम आहे. थोड्या वेळानं ती ताटली घेऊन आली. मी म्हणालो, “अव्वा, तू खोटं का बोललीस? माझं नाव सांगायचं.”

तिनं ताटली टेबलावर ठेवली.

“तुमचं नाव सांगितलं तर उद्यापासून ही पोरं तुमच्यापाशी कशी शिकतील? मास्तर लागतोय की त्यांस्नी.” मग जरा थांबून म्हणाली, “सरांचं मला काय वाटत न्हाय. ते परके, त्यांस्नी बी म्हंजे काय ठावं नव्हतं. तुमाला ठावं होतं, गुरुजी. तुमी माझ्या वाफ्यात बसून शिकला होता.”

मी घास घेतला. ती नेहमी दारात उभी राहून, मीठ बरोबर आहे का, विचारायची. त्या दिवशी न विचारता गेली. मी रजिस्टर उघडून ‘चव उत्तम’ असं लिहिलं आणि खाली सही केली.