डबल एक्झॉस्टचा आवाज

लग्न ठरलं तेव्हा मुलाला कसलंही व्यसन नाही, याचं माझ्या माहेरी फार कौतुक झालं होतं. सिंगापूरला आल्यावर, बँकेतल्या नोकरीत मुरल्यावर आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर नवऱ्याने ती कसर भरून काढली. आठ सिलिंडरची, ऑस्ट्रेलियन बनावटीची जुनी मसल कार घेतली. ज्या देशात कुठेही जायला एमआरटीची मेट्रो पुरते, तिथे हे धूड! बेडोकच्या आमच्या ब्लॉकसमोरच्या कारपार्कात ती रविवारी सकाळी सुरू झाली की शेजारच्या आजी खिडकी लावून घ्यायच्या. नवरा मात्र डोळे मिटून तो आवाज ऐकत बसायचा. एवढ्या भक्तिभावाने तो देवासमोरही कधी बसला नाही.

मग डबल एक्झॉस्टचं खूळ निघालं. इंजिनाच्या दोन बाजूंचा धूर दोन वेगळ्या पाइपांतून बाहेर काढायचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही दोन हवेत. हा सायलेन्सरच्या आधी बसणारा डबा. त्याच्या आत बारीक जाळी असते, ती धूर स्वच्छ करते आणि जाता जाता थोडा आवाजही गिळते. मला यातलं काही शिकायची हौस नव्हती, पण जेवताना दुसरा विषयच नसेल तर माणूस करणार काय? सिरॅमिकची जाळी घ्यावी तर आवाज दबतो. पत्र्याची घ्यावी तर इंजिन मोकळं होतं, पण आवाजाच्या तपासणीत गाडी नापास होण्याची भीती. या दोन जाळ्यांचा त्याने इतका कीस पाडला की मुलगी ताटावरून उठता उठता सिंगापुरी ढंगात म्हणायची, "बाबा, जस्ट पिक वन, ला."

एका संध्याकाळी तो हौगांगच्या गॅरेजमधून दोन्ही नमुने घरी घेऊन आला. डायनिंग टेबलावर पेपर पसरून ते मांडले, आणि माठ घेताना वाजवून बघतात तसा एकेक डबा कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवू लागला.

"दोन्ही सारखेच वाजतायत," तो म्हणाला.

मी पोळ्या लाटत होते. तिथपर्यंत मला ऐकू येत होतं की एक डबा बद्द वाजतोय आणि दुसरा खणखणीत.

"थट्टा करतोयस का?" मी ओरडले.

त्याने परत वाजवले. मी बाहेर आले, चमचा घेतला आणि त्याच्या कानाशी दोन्ही वाजवले. "आता?"

"तेच."

मुलगी अभ्यास सोडून आमच्याकडे बघत राहिली. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज आणि फोनवरचं त्याचं ओरडणं मला तेव्हा आठवलं. हाक मारली तर ओ देत नाही, अशी माझी तक्रार जुनीच होती. पण नवरा बायकोचं ऐकत नाही, यात कोणाला रोग दिसतो?

डॉक्टरने सांगितलं, कानाच्या नसा मरत चालल्यात. वरचे सूर गेलेत, खालचेही जातील, हे थांबवता येत नाही. मशीनने थोडे दिवस बोलणं कळेल. किती दिवस, ते डॉक्टरलाही माहीत नव्हतं.

आता तरी हे खूळ सुटेल असं मला वाटलं. उलट त्याला निवड सोपी झाली. पत्र्याची जाळी इंजिनाला एक तडतडीत, वरचा सूर देते. तो त्याला ऐकूच येणार नव्हता. सिरॅमिकची नेमका तोच सूर गिळते आणि खालची घरघर सोडते. "तपासणीतही पास आणि मलाही ऐकू येणार," असं तो मला उत्साहाने समजावत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, कानांचं काय ते बघ ना आधी!"

"कानांचं काही होण्यासारखं नाही," तो म्हणाला. "हे होण्यासारखं आहे."

मी आत जाऊन रडून घेतलं.

माल ऑस्ट्रेलियाहून यायचा होता. आला तो चुकीच्या मापाचा. परत पाठवला आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. तेवढ्यात कुकरची शिट्टी त्याच्यापुरती बंद पडली, मग दाराची बेल. इंग्रजीत पुटपुटणारी आमची मुलगी त्याच्यासमोर उभी राहून, तोंड मोठं करून मराठीत बोलायला लागली. कारण तिच्या ओठांवरून त्याला तेवढंच वाचता यायचं. रोज ऑफिसातून आला की तो विचारायचा, "गॅरेजचा फोन आला होता?" माझं उत्तर तो माझ्या तोंडाकडे बघून घ्यायचा.

अखेर गाडी तयार झाली. मी सोबत गेले. मेकॅनिकने आवाजाचं मीटर दाखवत अंगठा वर केला, "पास वन, अंकल, शुअर!" नवऱ्याने इंजिन सुरू केलं, खाली उतरला आणि मागे जाऊन दोन्ही पाइपांजवळ वाकून उभा राहिला. आधी एक कान पुढे केला, मग दुसरा. तो बराच वेळ तसाच वाकलेला होता.

मग सरळ होऊन त्याने माझ्याकडे बघितलं. "कसा येतोय?"

"छान," मी म्हटलं.

"छान म्हणजे? खोल येतोय की नुसता मोठा?"

मी इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्याच घातल्या होत्या. आता कान देऊन ऐकू लागले, आणि तो खरंच खोल होता. पोटातून येणारा, गोल, कुठेही न फाटणारा. त्याने महिनोन् महिने जेवताना वर्णन केलेला, अगदी तसाच.

"खोल," मी तोंड मोठं करून म्हटलं. "खूप खोल."

त्याने मान डोलावली. मेकॅनिककडे वळून हसत म्हणाला, "माय वाइफ सेज इट्स व्हेरी गुड," आणि पाकीट काढत काउंटरकडे निघाला. गाडी बंद करायची राहिली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी आत हात घालून किल्ली फिरवली. त्याने मागे वळून बघितलं नाही.