मागणाऱ्याचा हात

आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारे तुम्ही पाहिले असतील. मावशी तसं कधी करत नसत. त्या आधी खाली जमिनीवर बसत, उजवा तळहात उताणा करून पुढे धरत आणि म्हणत, "ठेवा." मग आजाऱ्याने आपला हात त्यांच्या हातावर ठेवायचा. मी एकदा कारण विचारलं.

"मी मागणारी. मागणाऱ्याचा हात वर कसा असंल, सर?"

"मग आजारी माणूस देणारा झाला का?"

त्यांनी थोडा विचार केला. "तो देवाच्या जास्त जवळ असतो, माझ्यापरीस," म्हणाल्या, आणि खुर्च्या पुसायला निघून गेल्या.

डहाणूच्या एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. मावशी सकाळी तिथे झाडायला येत. तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या त्या. घर वारल्यांचं, सासऱ्यांच्या वेळेपासून ख्रिस्ती. डहाणूत एका खोलीत एकट्या राहत आणि नाताळला व आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, गावी जात. पुस्तकं पुसून झाली की त्या ती उंचीप्रमाणे लावून ठेवत, लहान पुढे, मोठी मागे, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखी. मी रोज दहा वाजता येऊन ती पुन्हा क्रमाने लावी. आमच्यात त्यावरून कधी बोलणं झालं नाही. त्यांना वाटायचं मी विस्कटतो, मला वाटायचं त्या विस्कटतात.

वरोरची एक मासळीवाली बाजाराला जाताना वाचनालयाच्या पायरीवर टोपली टेकवून दम खाई. तिचा गुडघा सुजलेला असे.

"मावशे, तुझ्या देवाला जरा सांग की या गुडघ्याचं."

"सांगत नाय मी. विचारते. तो काय माझा नोकर आहे?"

"मग विचार. बोंबील देते त्याला चार."

"तो नाय खात. गोळी घेतलीस का आज?"

"राहिली."

"मग आधी गोळी घे. जा, आतल्या माठातलं पाणी घे."

गोळी घेतल्याशिवाय त्या हात पुढे करत नसत. मासळीवालीने गोळी घेतली की दोघी पायरीवर बसत, मावशी एक पायरी खाली. दोन-चार वाक्यांत आटपे. त्या दिवशी मावशी तिच्याकडून एक बोंबीलही घेत नसत. दुसऱ्या दिवशी घेत, तेही घासाघीस करून. गुडघा पुरता बरा कधी झाला नाही. मासळीवाली त्यावरून टोमणे मारी, "तुझा देव बहिरा दिसतो." मावशी म्हणत, "ऐकतो. पण आपलंच ऐकतो असं नाय." आणि दोघी हसत.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीचा आजार कळला. मुंबईला दाखवून आणलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद नीट घडी घालून परत दिले आणि घरीच ठेवा म्हणाले. मी वाचणारा माणूस. त्या आजारावर मिळेल ते वाचलं, आणि वाचून काहीच हाती लागेना तेव्हा मावशींना घरी बोलावलं. आमच्या घरात देव्हारा होता, पण दिवा पत्नीच लावायची. माझी कुठल्याच देवाशी ओळख नव्हती. तरी बोलावलं.

मावशी कॉटजवळ खाली बसल्या. औषध दिलं का हे विचारून घेतलं. मग हात पुढे केला. "बापा, ही ताई. तुला ठाव आहे. हिला बरं वाटू दे. तुझ्या मनात असंल तसं कर, पण हिला एकटी सोडू नको." एवढंच. मग पत्नीनं हात काढेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

त्या गेल्यावर पत्नी म्हणाली, "हात किती खरखरीत आहे त्यांचा. पण बरं वाटलं. बाकी येतात ते सगळे डोक्यावर हात ठेवतात. मी आधीच गेले असल्यासारखा."

मावशी रोज येऊ लागल्या. पत्नी संध्याकाळी चारपासून वेणी घालून त्यांची वाट बघे. आणि मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघे. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. ही बरी होईल, एवढं. त्या ते म्हणत नव्हत्या. रोज तेच, तुझ्या मनात असंल तसं.

एके दिवशी त्या निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो.

"मावशी, तुमच्यातले काही जण आजाराला हुकूम सोडतात म्हणे. निघून जा म्हणतात. तुम्ही नाही तसं म्हणत?"

"हुकूम सोडायला मी कोण, सर? मी झाडू मारणारी."

"निदान बरी होईल असं तरी म्हणा. तिच्यासमोर."

"ते मला नाय म्हणता येत. मला ठाव नाय ते."

"मग येता कशाला रोज?"

त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवून पायात घातल्या. "बरं," म्हणाल्या.

तरी दुसऱ्या दिवशी चारला त्या फाटकाशी आल्या. मी आतूनच सांगितलं, ती झोपली आहे. ती झोपली नव्हती. वेणी घालून बसली होती. तिसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. मग त्या यायच्या थांबल्या.

वाचनालयात मात्र रोज भेटत. "ताई कशा?" विचारत. "ठीक," मी म्हणे. घरी पत्नी विचारी, "मावशी का नाही येत?" मी म्हटलं, आवणीला गेल्या आहेत गावी. पाऊस चांगला लागला होता, त्यामुळे खोटं सहज बसलं. तिनं लगेच विश्वास ठेवला. नंतर ती रोज आवणीचीच चौकशी करू लागली. तिकडे पाऊस कसा आहे. त्यांचं शेत केवढं आहे. त्या वयात त्यांची कंबर कशी चालते. मी उत्तरं रचून देत गेलो. एका पाड्याचं, मी न पाहिलेलं, सगळं शेत मी तिच्यासाठी लावून टाकलं.

एक दिवस म्हणाली, "आता झाली असेल आवणी. अहो, मावशी आल्या की मला उठवा."

मी हो म्हटलं. तेव्हा चार वाजले होते आणि मावशी आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आपल्या खोलीत असणार हे मला माहीत होतं. मी उठलो नाही. उद्या बोलावू, असं ठरवलं होतं हे खरं. ती जायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.

मावशी शेवटच्या दर्शनाला आल्या, लांब उभ्या राहिल्या. दोन वर्षं पुढेही झाडायला येत राहिल्या, पुस्तकं उंचीप्रमाणे लावत राहिल्या. मग छातीच्या दुखण्यानं त्यांनी काम सोडलं आणि त्या गावी गेल्या. दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. मनात एकच होतं, त्यांना खरं सांगून टाकायचं.

पाड्यावर त्यांच्या सुनेनं मला खाटेजवळ प्लास्टिकची खुर्ची दिली. मावशी खूप बारीक झाल्या होत्या. मला पाहून उशाखालचं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "घेतली बघा आजची. नायतर म्हणाल, दुसऱ्यांना सांगते."

इकडचं तिकडचं बोलून झालं. घरामागचं त्यांचं शेत दिसत होतं, कापणी होऊन गेलेलं. फार लहान होतं ते, मी सांगितलं होतं त्याच्या पावही नसेल.

"सर," त्या म्हणाल्या, "ताई विचारायच्या का माझं?"

यासाठीच मी आलो होतो. मी म्हणालो, "शेवटी शेवटी झोपूनच असायची ती."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं. मला वाटायचं, वाट बघत असतील."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता.

"आज तुम्ही मागा माझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

"मला येत नाही, मावशी."

"कुणाला येतं? निस्तं बसा."

त्यांनी खाटेवरून हात पुढे केला. मी तो धरला आणि मनात शब्द शोधत राहिलो. एकच सापडत होता आणि तो देवाला नव्हे, त्यांनाच सांगायचा होता. सून चहा घेऊन आली तेव्हा मी हात सोडला.

आठ-दहा दिवसांनी मासळीवालीनं पायरीवर टोपली टेकवली आणि मावशी गेल्याचं सांगितलं. त्या दिवशी तिनं आपण होऊन आत येऊन माठातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली.

त्या भेटीनंतर तलासरीहून परतताना एसटीत खिडकीजवळ बसलो होतो. हात मांडीवर होते. हातांकडे बघताना ध्यानात आलं, मावशींसाठी मागताना मी खुर्चीवरून उठलोच नव्हतो. आणि माझा हात वर होता.