थोटकांची अदब

आमच्या गावात सिगारेट पेटवायला काडी लागते आणि फेकायला वडीलधारं माणूस लागतं. धारूरचा घाट उतरून माजलगावकडे निघालं की मध्ये आमचा फाटा येतो. फाट्यावर चहाचं एक हॉटेल, हॉटेलपुढे बाकडं आणि बाकड्यावर आम्ही. समोरच्या वळणावर कुणाचा चुलता, कुणाचा सासरा, कुणाचा थोरला भाऊ दिसला की बाकड्यावरचे सगळे हात एकदम पाठीमागे जातात आणि रिकामे होऊन पुढे येतात. निम्मी ओढलेली, चांगली पेटलेली सिगारेट मागे कुठे पडली हे बघायचं नसतं. बघितलं तर ती आपली होती असं ठरतं.

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. फाट्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरीतल्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. थोरली पोरगी कॉलेजात आहे, डोक्यावर टक्कल पडलंय, आणि तरीही वडिलांसमोर मी कधी सिगारेट ओढलेली नाही. त्यांना माहीत नाही असंही नाही. माझ्या शर्टाला वास येतो, खिशाला भोकं आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. या फरकावर आमच्याकडे अख्खी घराणी उभी आहेत.

त्या बाकड्याच्या मागेच माझ्या चुलतीची कडब्याची गंजी असते. हॉटेलची जागाही तिचीच. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो, आणि ऐंशीला टेकलेली ही बाई दोन म्हशी घेऊन एकटी राहते. मुलगा पुण्याला चल म्हणतो. ती म्हणते, म्हशींची सोय होत असेल तर येते.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास ती गंजी भर दुपारी पेटली. सगळा फाटा धावला. हॉटेलवाल्याने पाण्याचा ड्रम ओतला, पण आधी चहाचं पातेलं बाजूला ठेवून. तासाभरात राख झाली आणि मग प्रश्न आला, आग लागली कशानं? दुपारी बाकड्यावर असलेल्या आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी वर पाहिलं. वरून विजेची तार गेली होती, चुलतीच्या गोठ्यावरून थेट पुढे. मी बोट दाखवून म्हणालो, "स्पार्किंग." मोटारी भरणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर विषय संपला. वडिलांनी तर वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातला ट्रॉलीभर कडबा चुलतीकडे पाठवला. दीर असावा तर असा, असं गाव म्हणालं.

खरी गोष्ट अशी, की त्या दुपारी वडील वळणावर दिसले म्हणून मी एक सिगारेट मागे फेकली होती. आग माझ्याच सिगारेटीने लागली असं मला वाटत होतं. बाकीच्या तिघांना ती आपापल्या सिगारेटीने लागली असं वाटत होतं. म्हणून तर तारेवर इतकं झटकन एकमत झालं. एरवी आमच्या गावात गटार कुठून काढायची यावर तीन ग्रामसभा होतात आणि चौथी भांडणं मिटवायला घ्यावी लागते.

या वर्षी नवी गंजी रचली आणि महिनाभरात तिच्यातल्या एका पेंढीला काळं भोक पडलेलं चुलतीला सापडलं. ती पेंढी घेऊनच ती हॉटेलात आली आणि चहाच्या टेबलावर टाकली.

"ह्यो कडबा मिरगापतोर पुरला पायजे," ती म्हणाली. "न्हाई पुरला तर म्हशी इकाव्या लागतेन, अन् म्हशी इकल्यावर मी कुणासाठी उठू रोज? वरनं वायर, खालनं तुमी. मी कुठंकुठं बघू? आता एक जरी थोटूक मागं घावलं तर हाटेल उठवीन."

हॉटेल उठणार म्हटल्यावर गावात अभूतपूर्व जागृती झाली. तेलाचा रिकामा डबा आणून त्यात वाळू भरली आणि बाकड्याजवळ ठेवला. एका होतकरू पुढाऱ्याने 'थोटकं डब्यातच टाका' असा फ्लेक्स लावून दिला. त्यावर त्याचा फोटो, त्याच्या साहेबांचा फोटो, साहेबांच्या साहेबांचा फोटो. तेरा हसरे चेहरे, आणि थोटकांबद्दलची ओळ तळाशी, डब्याआड गेलेली. पहिल्या आठवड्यात डब्यात फक्त गुटख्याच्या पुड्या आणि एक तुटकी चप्पल जमा झाली. थोटकं होती तिथंच होती.

मग एका सकाळी चुलतीने मला दुकानातून बाहेर बोलावलं. तिच्या सुपात मागच्या बाजूला वेचलेली थोटकं होती.

"तू शिकल्याला हायस, मला सांग. इतक्या महागाच्या शिगरेटी, निम्म्या निम्म्या कावून टाकत्यात ही लोकं? पुरी वढायला काय हुतं?"

मी सुपात पाहिलं. खरंच, बहुतेक सगळी लांबलचक होती. ज्याला फेकायला सवड असते तो शेवटपर्यंत ओढतो आणि चपलेखाली विझवतो. ही सगळी घाईची थोटकं होती, अदबीची. आम्ही थोरामोठ्यांचा जो मान राखत होतो तो सगळा चुलतीच्या कडब्यावर पडत होता. त्यातही सगळ्यात जास्त मान माझ्या वडिलांचा, कारण ते दिवसातून चारदा त्या वळणावरून येतात.

उपाय सोपा होता. वडिलांनी वळणाच्या अलीकडे जरा खाकरायचं, म्हणजे डब्यात टाकायला सवड मिळेल. हे त्यांना सांगायचं कुणी, यावर बाकड्यावर पुन्हा झटकन एकमत झालं.

वडील ओट्यावर बसून दाव्याला पीळ घालत होते. मी दोनदा ऊन किती वाढलंय ते सांगितलं आणि मग म्हणालो, "आण्णा, फाट्यावर येताना जरा खाकरत जावा."

"कावून?"

"पोरांना थोटकं डब्यात टाकाया सवड मिळंल."

"कोण पोरं?"

"मी," म्हणालो. "मी अन् बाकीची."

वडिलांचा हात थांबला. मला वाटलं, आता दावं माझ्या पाठीवर येणार. त्यांनी बंडीच्या खिशातून बिडीचा कट्टा काढला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला. तो कट्टा मला वीस वर्षं माहीत होता. दिसला मात्र त्या दिवशी.

"त्या दुपारी तुमी उठून गेल्यावर मी बाकड्यावर बसलतो," ते म्हणाले. "एक पेटवली. तेवढ्यात वहिनी शेणाची पाटी घिऊन आल्या."

"मग?"

"मग काय. टाकली."

"मागं?"

"पुढं वहिनी हुत्या ना बे!"

चुलती नवरी होऊन घरात आली तेव्हा वडील तिच्या कडेवर बसायच्या वयाचे होते. सत्तरीच्या माणसाला ज्याच्यापासून लपावं असं एक माणूस अजून शिल्लक होतं. वायरमनला दिलेल्या शिव्यांचा आणि त्या ट्रॉलीभर कडब्याचा हिशेब मला तेव्हा लागला.

आम्ही तसेच उठून तिच्याकडे गेलो. ती चिंचेखाली म्हशींना पाणी पाजत होती. वडिलांनी टोपी काढली, परत घातली.

"वहिनी, ती वायर न्हवती. माझी बिडी हुती."

"न्हाईतर माझी शिगरेट," मी म्हणालो.

"माझीच हुती," वडील माझ्यावर डाफरले. तिथंच आमची जुंपणार होती, पण चुलतीने बादली खाली ठेवली. ती चिडेल किंवा हसून सोडून देईल, असं मी धरून चाललो होतो. ती गोठ्याकडे बघत राहिली.

"वायर न्हवती?"

"न्हाई."

"मंग वरीसभर मी गोठ्यात पाय ठिवला न्हाई, ते?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर म्हशी चिंचेखाली होत्या. पावसाळ्यात तिथं तिने ताडपत्री बांधली होती, थंडीत पोती. गोठ्यावरून तार जाते म्हणून ती लांबून वळसा घालून पाणी आणायची. मी रोज तिथून जायचो आणि म्हातारपणी माणूस असंच तऱ्हेवाईक होतं, असं समजून पुढे जायचो.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तारेतला जाणकार, म्हून मी तुजं खरं धरलं रे."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यापेक्षा मार बसला असता तरी बरं वाटलं असतं. मी एक म्हैस सोडली, वडिलांनी दुसरी, आणि दोन्ही गोठ्यात नेऊन बांधल्या. तिने शिक्षा सुनावली ती दारातूनच. "उद्यापासून दोघं बी रोज सकाळी येऊन थोटकं येचा. माझ्या म्होरं."

गावातला सर्वात मानाचा माणूस कमरेत वाकून थोटकं वेचतोय, हे बघितल्यावर बाकड्यावरच्यांचे हातच लुळे पडले. त्याच्या पुढ्यात खाली टाकायची कुणाची छाती? तिसऱ्या दिवसापासून डबा भरायला लागला. तेरा हसऱ्या चेहऱ्यांनी त्याचं श्रेय घेतलं, ते वेगळं.

आम्ही मात्र वेचत राहिलो, एका बाजूने ते, एका बाजूने मी. एकदा वडिलांनी एक जुनं, लांब थोटूक उचलून माझ्यापुढे धरलं. "ही तुजी?"

"हो."

"लई महागाची वढतूस," ते म्हणाले आणि डब्यात टाकलं.

कडबा मिरगापर्यंत पुरला, वर दोन पेंढ्या उरल्या. म्हशी गोठ्यात असतात. चुलती मात्र अजून आत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबते आणि वर तारेकडे बघते. मी दुकानात असलो तर मग माझ्याकडे बघते. मी हातातलं काम ठेवून मान हलवतो, तेव्हा ती आत जाते.