सात चांदण्या

आधी फुली मारायची, मग तिच्या पोटातून एक आडवी रेघ ओढायची. खडूचे तीन फटके की झाला तारा. आमचे भाषाविज्ञानाचे सर तो फळ्याकडे न बघता काढायचे. तोंड आमच्याकडे, हात मागे, आणि आमच्यातल्या कोणीतरी सांगितलेल्या वाक्याच्या डोक्याशी तारा बसलेला. मग खडूची दोन बोटं शर्टाला पुसायची आणि विचारायचं, "असं कोण म्हणतं?"

यावर उत्तर द्यायचं नसतं, हे आम्हाला उशिरा कळलं. एकीनं पहिल्याच महिन्यात दिलं होतं, "आम्ही म्हणतो, सर." सर म्हणाले, "आम्ही म्हणजे किती जण?" ती बिचारी खरंच घरातली माणसं मोजायला लागली. वर्ग हसला, मीही हसले. माझी पाळी यायची होती.

तुम्हीही असा एखादा मास्तर भोगला असेल. पण आधीच सांगून ठेवते, मी हे सगळं आकसानं सांगणार आहे. गुरूबद्दल चांगलंच ऐकायची सवय असेल तर इथंच थांबा.

गोंदियाला एम.ए. मराठीला प्रवेश घेतला तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं कथाकविता वाचू आणि मास्तरीण होऊ. पहिल्याच सत्रात हा पेपर समोर आला. स्वन, स्वनिम, रूपिका. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात हे वर्गातले सर्वांत जास्त गुण होते आणि सरांना ते जास्त वाटत होते. एक पोरगी उत्तरपत्रिका बघून रडायला लागली तर म्हणाले, "रडा, पण रडताना कुठला स्वर निघतोय तिकडे लक्ष असू द्या."

नावं त्यांनी कोणाचीच पाठ केली नाहीत. बाकावरून हाक मारायचे. मी दोन वर्षं 'तिसरा बाक, खिडकी' होते.

सुकराम तेवढा पहिल्या बाकावर. तो देवरीकडच्या जंगलपट्टीतला, घरी गोंडी बोलणारा. सर त्याला पुढे बोलवायचे, एक शब्द विचारायचे आणि कान त्याच्या तोंडाजवळ न्यायचे. "परत म्हणा. पुन्हा एकदा." त्या वेळी त्यांचा चेहरा बदलायचा. एरवी कपाळावर असणारी आठी कुठं जायची कोण जाणे. शब्द फळ्यावर लिहायचे, त्याला तारा नसायचा. पवारी बोलणारी एक होती, तिचंही असंच कौतुक. गोंडी ही भाषा, पवारी ही बोली. आणि आम्ही झाडीपट्टीतले जे घरी बोलतो ते काय? ते अशुद्ध मराठी. हा न्याय मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही.

तारा म्हणजे काय ते सरांनी पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं होतं म्हणे. त्या आठवड्यात मी गावी धानाच्या रोवणीवर होते, गुडघाभर चिखलात. नंतर फळ्यावरचे तारे बघून मला वाटलं, ज्या वाक्यावर चर्चा करायची त्यावर ही खूण करतात. कोणाला विचारायची लाज वाटली आणि इथंच माझा घात झाला.

मग सरांनी गृहपाठाचा कागद दिला, माथ्यावर त्यांनीच लिहिलेला प्रश्न. मराठीतील चालू वर्तमानकाळाची दहा वाक्ये लिहा आणि त्यांचे विश्लेषण करा. मी पुस्तकातली वाक्यं न उतरवता घरची लिहिली. पहिलं वाक्य मायचं होतं. आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेपटाला. आमच्यापर्यंत पाणी पोचायला दिवस लागतात. पोचलं की माय बांधावरून ओरडते, "कालव्याचा पानी येऊन राहिला." ते ऐकलं की घरातलं सगळं माणूस फावडं घेऊन धावतं.

गृहपाठ परत आला तेव्हा दहापैकी सात वाक्यांना लाल शाईचा तारा होता. मायच्या वाक्याला सगळ्यात ठळक.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी शुद्धलेखन चांगलं आलं की वहीत अशीच लाल चांदणी काढून द्यायचे. मी दुसरा कुठला अर्थ लावणार होते? शनिवारी गावी गेले ते कागद छातीशी धरून. मायला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "हे माहा वाक्य हाय?"

"हो."

"आन हे चांदनी?"

"सरांनी दिली."

माय शाळेत कधी गेली नाही. तिनं हात पदराला पुसला आणि मग त्या चांदणीवरून बोट फिरवलं. रात्रीच्या भातासोबत मी सातही वाक्यं तिला वाचून दाखवली.

सोमवारी समोस्याच्या टपरीवर मी सुकरामला ऐटीत सांगितलं की मला सात मिळाल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुले मालूम नाही का?" तो हळूच म्हणाला. "तारा म्हंजे असं वाक्य त्या भाषेत होतच नाही. चूक हाय थे." माझ्या तोंडात समोसा होता. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा टपरीवाला म्हणाला, "क्या हुआ दीदी, मिर्ची लगी?" मी म्हटलं, हो.

तशीच प्राध्यापकांच्या खोलीत गेले. "सर, हे वाक्य माझी माय म्हणते."

"आई काय म्हणते ते मी विचारलं नव्हतं. मराठी काय म्हणते ते विचारलं होतं."

"माय मराठीच बोलते, सर."

सरांनी चष्मा काढला. "तिसरा बाक, खिडकी. येऊन राहणं म्हणजे येऊन मुक्काम करणं. तुमच्याकडे पाणी मुक्कामाला येतं का?"

खोलीतले बाकीचे सर-मॅडम पोट धरून हसले. एकानं तर विचारलं, पाण्याला अंथरूण कोणतं देता. मी कागद घेऊन बाहेर आले, आणि तिथं जिन्यात उभं राहून ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेले तर मायनं कागद मागितला. मी दिला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो कागद काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर होता, देवाच्या फोटोच्या बाजूला. मायनं बाजाराच्या दिवशी जाऊन फ्रेम करून आणली होती. शेजारणीला सांगत होती, "मी बोलली थेच लिवलं पोरीनं, तं कॉलेजच्या गुरुजीनं चांदनी देल्ली." आता तुम्ही सांगा, मी काय बोलायला हवं होतं? मी काहीच बोलले नाही. पण माझा सूड त्या दिवशी पक्का झाला. सरांना या फ्रेमसमोर उभं करायचं. मायनं त्यांना विचारायचं, तुम्हीच दिल्या ना चांदण्या? आणि त्या वेळी त्यांचं तोंड मी बघायचं.

रागानं अभ्यास होतो, हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. मी सरांचा एक तास चुकवला नाही. शेवटच्या सत्रात त्यांच्या पेपरात मी पहिली आले. सर म्हणाले, "तिसरा बाक, खिडकी. बरं आहे." मला त्यांचं बरं नको होतं. मी एक वही केली होती, सरांच्या चुकांची. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वाक्यापुढे दिवस, जागा, कोणाशी बोलले, सगळं. दोन वर्षांत तीनच चुका सापडल्या. त्यातली एक म्हणजे शिपायाला एकदा ते चक्क आमच्या बोलीत म्हणाले, "काऊन रे, खडू कुठंय?" त्या दिवशी मी मैत्रिणींना पेढे खाऊ घातले आणि कारण सांगितलं नाही.

एम.ए. होऊन वर्ष झालं. मला देवरीला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली आणि तिकडे सर निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे जुने विद्यार्थी छान छान बोलले. मी भाषण केलं नाही. चहाच्या वेळी जवळ जाऊन म्हटलं, "सर, एकदा आमच्या घरी जेवायला या." ते लगेच हो म्हणाले. इतकी वर्षं गोंदियात काढली, पण कोणी घरी बोलावलं नव्हतं म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनात तारीख पक्की करत होते.

ते पॅसेंजरनं आले. स्टेशनवरून त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवलं. पिशवी पोटाशी धरून, अंग आक्रसून बसले होते, आणि मी मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही.

मायनं भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी केली होती. "घ्या ना जी, लाजू नोका," करत वाढत होती. सर पोटभर जेवले. हात धुऊन आले आणि माय त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. मला काही सांगावं लागलं नाही.

"तुमीच देल्ल्या ना जी ह्या चांदन्या? सात देल्ल्या."

मी दाराशी उभी होते. तीन वर्षं मी हाच क्षण घोटला होता. माझा हिशेब असा की सर ओशाळतील, चार माणसांसारखं 'हो हो, मीच दिल्या' म्हणतील, मायची चांदणी मायला राहील आणि त्यांची लाज मला मिळेल. पण एक गोष्ट मी विसरले होते. वाक्याच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नसे.

सरांनी चष्मा लावून कागद वाचला. म्हणाले, "नाही हो. या चांदण्या नाहीत. वाक्य चुकीचं असलं की ही खूण करतात."

मायनं त्यांच्याकडे बघितलंच नाही, तिनं माझ्याकडे बघितलं. "तुले मालूम होता?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या सोमवारपासून."

तिच्या हातात भाताचं पातेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं. तीन वर्षं ती आल्यागेल्याला ही फ्रेम दाखवत होती आणि मी बाजूला उभी राहून मान हलवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांसाठी ठेवलेला घाव मायला बसला होता, आणि त्यांना घरी मीच घेऊन आले होते.

मग माय सरांकडे वळली. "चूक हाय असा कोन म्हनते?"

सरांची दोन बोटं आपोआप शर्टाकडे गेली, खडू नव्हता तरी. "मी म्हटलं होतं."

"काऊन?"

सर हळू आवाजात सांगू लागले. येऊन राहणं म्हणजे मुक्काम करणं. पाणी काही मुक्कामाला येत नाही.

माय म्हणाली, "येते ना जी. बांधीत पानी राहाले नाही तं धान कायचा होते? येते आन राहाते. तुमी जेवले थो भात कोठून आला?"

सरांनी मान वाकडी करून कागदाच्या माथ्यावरचा प्रश्न वाचला. दोनदा वाचला. "इथं मी 'मराठीतील' लिहिलंय. 'प्रमाण मराठीतील' असं लिहायला हवं होतं. एक शब्द राहिला. म्हणजे वाक्य बरोबर आहे. तारा चूक आहे."

"म्हंजे चूक तुमची?"

"माझी."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फ्रेम उतरवता का, खोडून देतो, म्हणाले. माय म्हणाली, "हात नोका लावू."

मग सरांनी पिशवीतून वही काढली. मायला नाव विचारलं, नीट लिहून घेतलं. माझं नाव त्यांनी दोन वर्षांत विचारलं नव्हतं. "ते वाक्य परत म्हणा," म्हणाले आणि कान पुढे केला. माय म्हणाली. सरांनी तिच्यामागे म्हणून बघितलं, "कालव्याचा पाणी येऊन राहिला."

"पाणी नाही, पानी."

"पाणी."

"पानी, जी. कान नाही का तुमाले?"

पाच वेळा म्हणून घेतलं तिनं त्यांच्याकडून. आणि त्यांचा चेहरा तोच, सुकरामचे शब्द ऐकताना व्हायचा तो. मला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

त्यांना स्टेशनवर सोडताना मी खड्डे चुकवले. डब्यात चढताना ते म्हणाले, "तिसरा बाक, खिडकी. तुम्ही मला जेवायला बोलावलं नव्हतं, हे मला कळलं."

माय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकलं. माय तिला फ्रेम दाखवत होती. "हे चांदनी नोहोय बाई. एवढ्या मोठ्या गुरुजीची चूक हाय थे. सोता घरी येऊन सांगून गेला." त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं. सगळी गंमत तीच होती, आणि मला ते ऐकायला किती गोड वाटायचं म्हणून सांगू. सुटीत पाहुणे आले की मीच विषय काढायची.

सर मुलाकडे राहायला गेले. या उन्हाळ्यात सुकरामचा फोन आला, सर वारले. मी मायला सांगितलं. तिनं "कसा झाला?" एवढंच विचारलं आणि सरपण आणायला गेली.

गेल्या आठवड्यात मावशीकडचे पाहुणे आले होते. त्यातल्या एकीनं भिंतीकडे बघून विचारलं, हे काय लावलं आहे. मी सरसावून बसले. माय म्हणाली, "हे माह्या वाक्याले गुरुजीनं देल्ली चांदनी हाय."

मला राहवलं नाही. "माय, त्यांची चूक आहे म्हणून सांग ना."

माय पाहुण्यांच्या कपात चहा ओतत होती. वर न बघता म्हणाली, "मेल्या मानसाची चूक कोन सांगते?"

मी सांगते, माय.